वांद्र्याची मोत माउली : टेकडी, सत्तांतर आणि लोकश्रद्धा

वांद्रे येथील अरबी समुद्राकाठच्या टेकडीवरील मरियामातेचे देवस्थान ‘माउंट मेरी’ या नावाने सर्वपरिचित आहे. कोळी समाजात मात्र ते ‘मोत माउली’ म्हणून ओळखले जाते. ‘मोत’ या शब्दाचा संबंध मोत्याशी जोडण्याचा प्रघात असला, तरी टेकडी या अर्थाच्या ‘मोंते’ या पोर्तुगीज शब्दाचा तो अपभ्रंश असणे अधिक संभवनीय वाटते. राज्यकर्त्यांची भाषा लोप पावली. शब्द मात्र माउलीच्या आश्रयाने कोळ्यांच्या तोंडी टिकला.

वांदऱ्याच्या टोकाशी पोर्तुगीजांनी १६४० मध्ये किल्ला बांधला. टेकडीवरील प्रार्थनास्थळही त्यांच्याच अमदानीतील होय. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात या प्रार्थनास्थळाची वाताहत झाली, आणि १७३९ मध्ये वसई पडल्यावर साष्टीतील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. या देवस्थानाविषयीचे लेखन बहुधा या विध्वंसापाशीच रेंगाळते. परंतु त्यानंतरचा कालक्रम अधिक बोलका आहे. देवस्थानाची पुनर्बांधणी सामान्यतः १७६०-६१ च्या सुमाराची मानली जाते, आणि इंग्रजांनी ठाणे घेतले ते १७७४ च्या अखेरीस. म्हणजे ही पुनर्बांधणी पोर्तुगीज वा इंग्रज अमलात नव्हे, तर मराठी अमलात झाली. सत्तांतर म्हणजे श्रद्धेचा अंत, हे गृहीतक येथे टिकत नाही.

कोळ्यांची आख्यायिका या घटनाक्रमाला आपल्या परीने सांधते. समुद्रात मूर्ती सापडेल असा दृष्टांत एका कोळ्याला झाला आणि पुढे ती तशी सापडली, असे ती सांगते. इतिहासाचे साधन म्हणून तिची मर्यादा उघड आहे. पण मूर्तीचा पुनर्लाभ धर्मगुरूऐवजी कोळ्याच्या हातून घडावा, यातून देवस्थानावरील मालकीहक्काची लोकभावना व्यक्त होते.

१८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीम-वांद्रे रस्ता पूर्ण झाला आणि खाडीतील तरीवरचे अवलंबन संपले. विद्यमान वास्तू १९०४ ची असून तिचे वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय हे पारशी होते. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा लाभला.

८ सप्टेंबर या मरियेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. नवस फेडण्यासाठी मेणाचे हात, पाय, बाळ, घर अशा प्रतिकृती वाहिल्या जातात. जे अवयव बरे व्हावेत त्यांच्या, किंवा जे हवे त्याच्या. त्या वाहणाऱ्यांत ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू आणि पारशीही असतात.