छप्पर कोणत्या सालचे?

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना एक प्रश्न टाळता येत नाही : या वास्तूचे कोणते रूप अस्सल मानायचे? हाच प्रश्न मोटारगाडीबाबतही पडू शकतो. ३५६/२-०६३ या चॅसी क्रमांकाची एक छोटी पोर्श कूपे त्याचे ठळक उदाहरण आहे.

बॉम्बहल्ल्यांमुळे १९४४ मध्ये पोर्शचे अभियांत्रिकी कार्यालय स्टुटगार्टहून ऑस्ट्रियातील ग्म्युंड या गावी हलले. तिथे लाकूड कापण्याच्या जुन्या गिरणीत युद्धानंतर ‘३५६’ या गाड्या बनू लागल्या. लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून त्यांचे अंग घडवले जाई. अशा सुमारे पन्नासच गाड्या झाल्या. १९५० मध्ये उत्पादन स्टुटगार्टला परतले आणि अंग पोलादी झाले. मात्र शर्यतीसाठी हलके ॲल्युमिनियमच सोयीचे होते. म्हणून ग्म्युंडच्या उरलेल्या अंगांवरून ‘एसएल’, म्हणजे ‘हलकी क्रीडागाडी’, तयार झाली. हवा कापली जावी म्हणून चाकांवर झाकणे बसवली आणि मागच्या बाजूच्या खिडक्यांत काचेऐवजी झडपांचे पत्रे लावले. इंजिन १,०८६ सीसीचे, शक्ती जेमतेम ४६ अश्वशक्तीच्या घरात.

फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीचे निमंत्रण फेरी पोर्श यांना दिले ते शर्यतीचे संचालक शार्ल फारू यांनी, १९५० च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात. युद्ध संपून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. हिटलरच्या राजवटीसाठी रणगाड्यांचे आराखडे करणारे फर्डिनांड पोर्श युद्धानंतर फ्रान्सच्याच कैदेत दीड वर्षाहून अधिक काळ होते. जानेवारी १९५१ मध्ये ते वारले. जून महिन्यात फ्रेंच भूमीवर जर्मन गाडी उतरली, ती ओग्यूस्त व्हयेये आणि एदमाँ मूश या दोन फ्रेंच चालकांच्या हाती. दोन गाड्यांचा बेत होता. सरावातील अपघातामुळे एकच धावली. ४६ क्रमांकाच्या त्या गाडीने एकूण क्रमवारीत विसावे स्थान मिळवले आणि १,१०० सीसीपर्यंतच्या आपल्या गटात पहिले. ल माँच्या इतिहासात पोर्शचे नाव इथून सुरू होते.

विजयी गाडी जपून ठेवण्याची रीत तेव्हा रुजली नव्हती. शर्यतीची गाडी म्हणजे वापरायची वस्तू. ०६३ न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्यामार्फत अमेरिकेत गेली आणि लॉस एंजेलिसचे विक्रेते व शर्यतपटू जॉन फॉन न्यूमन (याच नावाचे गणितज्ञ वेगळे) यांच्याकडे आली. त्यांनी वजन घटवण्यासाठी तिचे छप्परच कापून टाकले. या उघड्या रूपात ती कॅलिफोर्नियात शर्यती धावली. पुढे अनेक दशके हौशी मालकाकडे त्याच रूपात राहिली. इकडे जर्मनीत ४६ क्रमांक रंगवलेली, त्याच जातीची दुसरी कूपे लोक पाहत होते.

ओळख पटली ती चॅसी क्रमांकावरून. रंग, आकार, दारावरचा आकडा ही सगळी बदलता येणारी अंगे. ताम्रपटाच्या मजकुराइतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियातील कारागीर रॉड एमरी यांनी तिला १९५१ चे रूप परत देण्याचे काम हाती घेतले. उरलेल्या एसएल गाड्यांची संगणकीय त्रिमिती मोजमापे घेऊन लाकडी साचा बनवला आणि नवे छप्पर पुन्हा हातानेच ठोकून घडवले. २०१६ मध्ये गाडी लोकांसमोर आली.

काम देखणे आहे, यात वाद नाही. पण हिशेब मांडला पाहिजे. चोवीस तासांच्या एका शर्यतीसाठी साठहून अधिक वर्षांचे उघडे रूप पुसले गेले. कापणाऱ्याला आपण विध्वंसक म्हणू, तर तोही या गाडीच्या इतिहासाचाच भाग होता. कॅलिफोर्नियात पोर्शचे नाव रुजवणाऱ्यांपैकी तो एक. माझ्या मते ल माँचे रूप निवडणे समर्थनीय आहे, कारण ते जगात एकाच गाडीच्या वाट्याला आले. मात्र छप्पर एकविसाव्या शतकातले आहे, हे गाडीशेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेले असावे आणि तिथेच छप्पर नसलेल्या काळातले तिचे छायाचित्रही लावावे.