भीमसरटांचें नाटक आणि वाईचा पाषाण

एखादें गाजलेलें नाटक पंचवीस वर्षांनीं नव्या संचांत रंगभूमीवर आलें, म्हणजे सांगलीचा जाणता प्रेक्षक पहिल्या अंकापासूनच जुन्या नटांची आठवण काढूं लागतो. ही त्याची खोड खरी. पण तींत परीक्षणाची एक रीतही आहे. संहिता तीच असतां प्रयोग कोठें बदलला व कशासाठीं बदलला, हें तो शोधीत असतो. बी. बी. सी.नें १९९९ सालीं दाखविलेली ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ ही चित्रमालिका २०२५ सालीं नव्यानें घडवून पुन्हां प्रेक्षकांपुढें आली, तेव्हां तिलाही हीच कसोटी लावण्याचा मोह होतो. जुनी सरस कीं नवी? परंतु नाटक आणि ही मालिका यांत एक मोठा भेद आहे. नाटकाची संहिता लेखकानें एकदां लिहून ठेविलेली असते. भीमसरटांची, म्हणजे ज्यांना आपण डायनोसॉर म्हणतों त्यांची, संहिता दगडांत आहे आणि तिचें वाचन अद्याप चालूच आहे. म्हणून प्रयोग किती रंगला हें पाहण्याआधीं, तो दगडाशीं इमान राखतो कीं नाहीं, आणि पुरावा संपून तर्क कोठें सुरू झाला हें प्रेक्षकाला कळूं देतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

सांगलीचेंच उदाहरण घेऊं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ रंगविलें. त्या खेळांत सूत्रधार पदें गाऊन कथा पुढें नेई, आणि पात्रें अभिनय करून प्रसंगास सुचेल तें भाषण करीत. राक्षसांनीं कितीही आरडाओरड केली तरी सूत्रधार डोळ्यांसमोर असे. त्यामुळें हा खेळ आहे याचें भान सुटण्याचें कारण नसे. १९९९ च्या मालिकेनें नेमका हा सूत्रधारच दृष्टीआड केला. संगणकावर घडविलेलीं चित्रें, जोडीला यांत्रिक पुतळे, आणि पडद्यामागून केनेथ ब्रॅना या नटाचा शांत, भारदस्त आवाज. कोणी छायाचित्रकार झुडपांत दबा धरून बसला होता व त्यानें जें टिपलें तेंच आपण पाहत आहों, अशी ती सारी मांडणी. उत्खननाची जागा नाहीं, हाड नाहीं, शास्त्रज्ञही नाहीं.

प्रयोग म्हणून ती मालिका आजही मला सरस वाटते. प्राणी जन्मतात, भुकेले होतात, मरतात. त्यांच्यासाठीं कोणी गळा काढीत नाहीं. पण या मांडणीचा धोकाही मोठा. ‘लिओप्ल्युरोडॉन’ नांवाचा एक समुद्रवासी सरट (हा वस्तुतः डायनोसॉर नव्हेच) तींत २५ मीटर लांबीचा व १५० टन वजनाचा म्हणून दाखविला. त्याच्या अवशेषांवरून आज जी लांबी धरतात ती सुमारें ६ ते ७ मीटर आहे. शास्त्रांत अंदाज चुकतात, त्यांत लाज कसली? दोष एवढाच कीं, हा अंदाज आहे असें प्रेक्षकाला कोणी सांगितलें नाहीं. मुलांनीं तो आंकडा पाढ्याप्रमाणें पाठ केला, आणि पाठ केलेलें विसरणें हें शिकण्याहून कठिण असतें.

मध्यंतरीं, २०१३ सालीं, याच नांवाचा एक चित्रपट निघाला. त्यांत प्राण्यांचे ओठ हलत नाहींत, पण ते मनुष्यवाणीनें थट्टामस्करी करितात. त्याविषयीं अधिक न बोललेलें बरें.

२०२५ च्या नव्या मालिकेनें सूत्रधाराला पुन्हां पडद्यावर आणलें, हें तिचें पहिलें पुण्य. तिचेही भाग सहाच. प्रत्येक भागांत एक उत्खनन आहे. अमेरिका, कॅनडा, मोरोक्को किंवा पोर्तुगाल येथील उन्हांत बसून माणसें कुंच्यानें माती झाडीत आहेत, आणि त्या हाडांच्या धन्याची कथा मधून मधून चित्रांत दिसते. म्हणजे पुरावा आणि कल्पना यांतील शिवण आतां उघडी आहे. परंतु तिचा उपयोग मात्र अर्धामुर्धाच झाला आहे. प्रत्येक प्राण्याला लाडकें नांव दिलें आहे. ट्रायसेरॅटॉप्सचें एक पोरकें पिल्लूं ‘क्लोव्हर’ झालें. मोरोक्कोचा स्पायनोसॉरस पिलांची काळजी वाहणारा बाप झाला. हाड पाहून त्या प्राण्याचें वय सांगतां येतें, जखम ओळखतां येते, दांतांवरून आहार ताडतां येतो. पितृवात्सल्य कोणत्या हाडांत सांपडतें? शास्त्रज्ञ ‘असें असूं शकेल’ म्हणतात न म्हणतात तोंच पुढचें चित्र ‘असेंच होतें’ म्हणून मोकळें होतें. रस एकवटावा, तर तोंच दृश्य तुटून फावडीं आणि टोप्या दिसूं लागतात. जुन्या मालिकेंत सूत्रधार नव्हता. नवींत आहे, पण त्याला बोलूं दिलेलें नाहीं. तरीही दोहोंतून एक निवडावयाची तर घरांतील मुलांसाठीं मी नवीच निवडीन, कारण हाड मातींतून निघतें एवढें तरी तीं पाहतील.

आतां दगड आपलें वाचन कसें बदलतो, याचा एक दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. १९९९ च्या मालिकेसाठीं चित्रण करणारांना गवत नसलेल्या जागा शोधीत दूरदूरचीं बेटें धुंडाळावीं लागलीं. कारण डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें, अशी त्या वेळची समजूत. चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा नांवाचें खेडें आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या भागांतील जीवाश्म जगापुढें आणले. त्याच पिसदुऱ्याच्या डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आदि संशोधकांनीं तपासली, आणि २००५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तींत गवताचे सूक्ष्म वालुकामय कण आहेत. तेही निदान पांच निरनिराळ्या जातींचे. निदान अखेरच्या काळांत आपल्याकडील हे प्राणी गवत खात होते. ज्या तृणासाठीं एवढी वणवण झाली, त्याचा निकाल विदर्भांतील शेणानें लावला! असा प्रसंग कोणत्याही मालिकेला शोभला असता.

सातारा-सांगलीकडे मात्र हाडांची आशा नको. आपल्या पायांखालीं आहे तो लाव्हा. अजिंक्यताऱ्याचे काळे कडे, यवतेश्वराचा उतार, कृष्णाकांठची काळी जमीन हीं सर्व त्याचींच रूपें. परंतु भीमसरटांच्या नाटकाचा शेवटचा अंक याच दगडांत लिहिलेला आहे. वाई म्हटली कीं आपल्याला घाट, ढोल्या गणपति आणि मराठी विश्वकोश आठवतो. भूशास्त्रज्ञाला आठवतो दख्खनच्या लाव्ह्याचा सर्वांत वरचा व आकारमानानें सर्वांत मोठा गट, कारण त्याला नांवच ‘वाई’ असें आहे. त्यांतील थरांचीं नांवें पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशीं घरचींच.

जुन्या मालिकेच्या शेवटच्या भागांत मोंटानांतील प्राणी ज्वालामुखींच्या विषारी छायेंत खंगत असतात आणि मग आकाशांतून घाला येतो. काळ सांगितला आहे ६ कोटि ५० लक्ष वर्षांपूर्वींचा. आज तो ६ कोटि ६० लक्ष धरतात. दुरुस्ती दहाच लक्ष वर्षांची. पण दख्खनचा बहुतेक सारा लाव्हा वाहिला तोच मुळीं दहा लक्ष वर्षांच्या आंत!

अशनिपात आधीं कीं वाईचा लाव्हा आधीं, यावर २०१९ च्या फेब्रुवारींत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन निबंध आले. एका गटानें खडकांतील आर्गॉन वायूवरून काळ मोजला व लाव्ह्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आघातानंतरचा ठरविला. दुसऱ्या गटानें लाव्ह्याच्या दोन थरांमधील तांबड्या मातींत मिसळलेल्या राखेंतून झिरकॉनचे स्फटिक निवडले; त्यांच्या मतें उद्रेक चार उमाळ्यांनीं झाला, आणि त्यांतील एक मोठा उमाळा आघाताच्या थोडा आधीं सुरू झाला होता. नव्या मालिकेच्या सहा जागांत भारताची एकही नाहीं. आंबेनळीच्या घाटांत रस्त्यासाठीं डोंगर कापला आहे तेथें, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें, या तांबड्या मातीचे पट्टे महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारींतूनही दिसतात.