शेतातल्या कामासाठी परवडणारे वेल्डिंग मशीन कसे निवडावे?

ऐन पेरणीत कल्टिव्हेटरचा फण मोडला की तालुक्याला हेलपाटा पडतो आणि दिवस वाया जातो. त्यामुळे अनेक शेतकरी घरीच छोटे मशीन ठेवतात.

कोणते मशीन?
किरकोळ कामांना सिंगल फेजवरचे इन्व्हर्टर आर्क मशीन पुरते. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा ते हलके असते आणि वीजही कमी ओढते. गॅसवरचे मिग मशीन उघड्यावर अडचणीचे ठरते, कारण वाऱ्याने गॅस उडून जातो.

किती अँपिअर?
६०१३ प्रकारच्या २.५ मिमी रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअर, तर ३.१५ मिमी रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ड्यूटी सायकल पाहावी. '१६० अँपिअरला ६० टक्के' म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, चार मिनिटे विश्रांती.

वीज कशी आहे?
व्होल्टेज पडले की रॉड चिकटतो. मशीन किती कमी व्होल्टेजवर चालते, हे दुकानातच विचारावे. लांब, बारीक वायरने व्होल्टेज आणखी पडते.

यात काटकसर नको
काळ्या काचेचे हेल्मेट, चामडी हातमोजे आणि अर्थिंग हवेच. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर जोडापाशी आधी घासून काढावा. त्याच्या धुराने ताप येतो. ट्रॉलीच्या हुकासारखे भार ओढणारे भाग मात्र अनुभवी वेल्डरकडूनच जोडून घ्यावेत.