गर्भातील मेंदूची घडण : एका शोधाचा इतिहास

गर्भात मेंदू कसा घडतो, या प्रश्नाचे उत्तर वर्गात बहुधा ‘जनुकांमुळे’ एवढेच दिले जाते. या उत्तरामागे मात्र सुमारे शंभर वर्षांचा इतिहास असून त्यात महाराष्ट्रातील संशोधकांचाही मोलाचा वाटा आहे.

जर्मनीतील हान्स स्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या गर्भातील लहानसा तुकडा दुसऱ्या गर्भात रोवला. तेथे दुसरी चेतानलिका, किंबहुना जवळजवळ दुसरा गर्भच तयार झाला. हा प्रयोग १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या पेशींना घडविणाऱ्या अशा भागास ‘संघटक’ हे नाव मिळाले. पुढे पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भातील अशा प्रेरणेचा अभ्यास केला. त्यांचा त्यावरील एक शोधनिबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रेरणा शेजारून येते हे स्पष्ट झाले. पण कोणत्या पेशीने संघटक व्हावे आणि कोणत्या पेशीने मेंदूचे बाह्यक, हे कोण ठरविते? याचे उत्तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधले. २००८ मध्ये अमेरिकेतील एडविन मोनुकी यांच्या गटासह त्यांनी दाखविले की, उंदराच्या गर्भात हा निर्णय ‘एलएचएक्स२’ हे जनुक घेते. ते ज्या पूर्वज पेशींत नसते, त्या बाह्यक न होता संघटक होतात आणि शेजारच्या निरोगी पेशींपासून स्मरणाशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग नको त्या जागी घडवितात. मात्र या निर्णयाची मुदत अल्प असते. ती टळल्यावर जनुक काढले तरी बाह्यकाची ओळख पुसली जात नाही. त्याच जनुकाचे नंतरचे काम वेगळे : हिप्पोकॅम्पसमधील पूर्वज पेशींनी चेतापेशी केव्हा निर्माण कराव्यात व आधारपेशींकडे केव्हा वळावे, याचे नियंत्रण. हे २०११ मध्ये याच गटाने सिद्ध केले.

२०२३ मध्ये मानवातही या जनुकाच्या एका प्रतीतील बिघाडाचा संबंध बौद्धिक व वार्तनिक विकासातील अडचणींशी जोडला गेला. असे बिघाड पुष्कळदा आईवडिलांत नसतात, ते अपत्यातच नव्याने उद्भवतात. मूल मागे पडले की दोष आईच्या वागण्यावर ठेवण्याची समाजात रीत आहे. गर्भाच्या आरंभीच्या काळात, कोणाच्याही नकळत होणारे हे निर्णय वर्गात समजावून सांगितले गेले, तर त्या रीतीला शिक्षकच प्रथम आळा घालू शकतील.