वरळीचे बेडूक आणि वाढवणचा कातळ

प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचा विषय निघाला की सैबेरियाचा गोठलेला उत्तर किनारा प्रथम आठवतो. तेथे लेना नदीच्या मुखाजवळ १७९९ साली एका शिकाऱ्याला बर्फात रुतलेला मॅमथ, म्हणजे दाट केसांचा प्राचीन हत्ती, दिसला. १८०६ साली ॲडम्स नावाचे शास्त्रज्ञ तेथे पोहोचले, तोवर त्याचे बरेचसे मांस जनावरांनी फस्त केले होते. त्याचा सांगाडा सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे.

आपला किनारा या बाबतीत दरिद्री आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मुंबईतील वरळीच्या काळ्या, पापुद्र्यांच्या खडकात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. ‘डायनोसॉर’ या नावाचे जनक रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्या बेडकाचे नामकरण ‘राना पुसिल्ला’ असे केले. (सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या आम्हांला ‘पुसिल्ला’ म्हणजे इवली, हे सांगावे लागत नाही!) पुढे १९३० साली त्याला ‘इंडोबॅट्रॅकस’ हे वंशनाम मिळाले. मॅमथचे वय हजारांत मोजतात. हे बेडूक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. सैबेरियात बर्फाने राखले, येथे चिखलाने. लाव्ह्याचा एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत दीर्घ काळ जाई. त्या अवधीत उथळ तळी साचत, वनस्पती माजत, बेडूक-कासवे नांदत. मेलेला जीव तळाच्या गाळात निजे. गाळाचा खडक होई.

हे खडक वाचणारे सारेच भूवैज्ञानिक नव्हते. १८५२ साली मुंबई बेटाच्या भूरचनेवर निबंध लिहिणारे कार्टर पेशाने डॉक्टर होते. अलीकडे, २००३ साली, आंबोलीच्या खाणीतील एका प्राचीन कासवाला झेवियर महाविद्यालयात भूविज्ञान शिकविणाऱ्या प्रा. सेठना यांचे नाव देण्यात आले. त्या कासवाचे भाऊबंद आफ्रिका आणि मादागास्कर येथेही सापडतात. भारतभूमी कधीकाळी त्यांना जोडलेली होती, त्याची ही खूण.

आमच्या वाढवणचा कातळही त्याच लाव्ह्याचा. ओहोटीला तो दूरवर उघडा पडतो. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने येथील बंदरास मान्यता दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे. मच्छीमार बांधवांच्या पोटाचा प्रश्न अर्थातच पहिला. पण वरळीचे ते थर आज बहुतांशी इमारतींखाली गेले आहेत, हेही विसरता येत नाही. भरावापूर्वी कोणा जाणत्या भूवैज्ञानिकाने हा कातळ पायाखाली घालावा, आणि सोबत आमच्या शाळेतील चार मुलांना न्यावे.