कुस्तीची मेहनत : शरीरावरील परिणाम

जोर, बैठका, धावणे, दोरीवर चढणे व प्रत्यक्ष लढत हा कुस्तीगिराचा नित्य व्यायाम. त्याने शरीरातील चरबी, उष्णतानिर्मिती व रोगप्रतिकारशक्ती यांत बदल होतात. अहिल्यानगर जिल्ह्यात कुस्तीची परंपरा असून मार्च 2025 मध्ये कर्जत येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली.

चरबी : श्रम करताना ॲड्रिनलिनमुळे चरबीपेशींतील साठा विघटित होतो; त्यातून सुटलेली मेदाम्ले स्नायूंचे इंधन बनतात. मध्यम गतीच्या धावण्यात चरबीचा वाटा मोठा असतो. लढतीत मुख्यतः स्नायूंतील ग्लायकोजेन खर्च होते. नियमित मेहनतीने पोटातील अवयवांभोवतीची चरबी घटते व स्नायू वाढतात. हा बदल केवळ वजनावरून कळत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचाही देहभारांक 22.3 होता, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे 21.2 व 9.1 टक्के होती. ही तुलना 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे अंगाने बारीक दिसणाऱ्यांनाही व्यायाम आवश्यक ठरतो.

उष्णतानिर्मिती : स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेचा सुमारे पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो व घाम येतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. कर्जत पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेथील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो, त्यामुळे शरीर थंड राहते. पण किती पाणी गेले हे लक्षात येत नाही. म्हणून पहाटेची मेहनत व पुरेसे पाणी महत्त्वाचे. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडल्यास घाम कमी येतो, रक्त दाट होते व उष्माघाताचा धोका वाढतो.

रोगप्रतिकारशक्ती : व्यायामाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः विषाणुबाधित पेशींचा नाश करणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी, वाढतात, नंतर काही तास त्यांची संख्या घटते. त्यांपैकी अनेक पेशी ऊतींकडे गेलेल्या असतात, त्यामुळे ही घट म्हणजे दुर्बलताच असे नाही. आकुंचन पावणारे स्नायू इंटरल्यूकिन-6 स्रवतात. त्यामुळे दाह शमवणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण वाढते. पोटातील चरबी घटल्यानेही दीर्घकालीन दाह कमी होतो. याउलट अतिश्रम, अपुरी झोप व उपासमार एकत्र आल्यास प्रतिकारशक्ती खालावते. अंगाला अंग लागत असल्याने कुस्तीगिरांत नायटा व नागिणीसारखे फोड आणणारे विषाणुसंसर्ग पसरतात. त्यांवर सरावानंतर लगेच अंघोळ, स्वच्छ लंगोट व बाधित कुस्तीगिराला बरे होईपर्यंत लढतीपासून दूर ठेवणे हे उपाय आहेत.