प्लेगच्या इतिहासात न सापडणारी प्रयोगशाळा

पुणे जिल्ह्यातल्या प्लेगचा इतिहास म्हटला की आपल्याला तीन गोष्टी आठवतात. रँडची गोऱ्या शिपायांची झडती, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेला गोळीबार आणि चापेकर बंधूंची फाशी. अलीकडे चौथी गोष्ट जोडली गेली आहे, ती म्हणजे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुल्यांचं झालेलं निधन. हे सगळं खरं आहे, महत्त्वाचंही आहे. पण त्याच महिन्यांत मुंबईत एका खोलीत या रोगावरची लस तयार झाली होती, हे आमच्या पिढीला कुठल्याच धड्यात भेटलं नाही. ती लस करणारा ओडेसाचा एक ज्यू होता आणि अडचणीच्या काळात त्याला घर देणारा एकोणीस-वीस वर्षांचा एक मुस्लिम तरुण होता. जुन्नरसारख्या गावात वाढलेल्या मला ही माहिती चाळिशीनंतर मिळाली.

आमच्या भागात, म्हणजे जुन्नर-आंबेगावात, प्लेगला ‘गाठीची साथ’ म्हणत. माझी दादी तिच्या सासूचं वय सांगताना बड्या गाठीचं साल धरायची. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं, माळावर नाहीतर शेतात झोपडी घालायची, हा त्या काळातला रिवाज. गाव रिकामं करून राहण्याची ही रीत लोकांनी स्वतः शोधलेली होती आणि ती शहाणपणाची होती. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू हे रोगाचं वाहन आहे, हे शास्त्राच्या गळी उतरायला आणखी काही वर्षं जावी लागली.

पण ही गाठ म्हणजे नेमकं काय? मराठी माणसाला हे समजावणं फार सोपं आहे. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला, तो पिकला, की दोन दिवसांनी जांघेत अवधाण यायचं. जखम तळपायाला आणि दुखतंय जांघेत, याचं नवल वाटायचं. जांघेत, काखेत, मानेला ज्या छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराच्या चौक्या आहेत. पायातून आत आलेला जंतू तिथं अडवला जातो, तिथं पांढऱ्या पेशींची गर्दी होते, ग्रंथी सुजते. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून प्लेगची गाठ बहुधा जांघेत यायची. लोक ज्या गाठीला मृत्यूची खूण समजत होते, ती खरं तर शरीर लढत असल्याची खूण होती. फरक इतकाच की काट्यासोबत आलेल्या साध्या जंतूंपुढे पेशी जिंकतात. प्लेगचा जंतू मात्र आपल्याला गिळायला आलेल्या पेशीतच विषारी प्रथिनं सोडून तिला लुळी करतो.

काट्याचा हा विषय मी उगाच काढलेला नाही. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, ही कल्पना एका काट्यातूनच आली. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथं इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्यांच्या शरीरात फिरणाऱ्या काही पेशी त्याला दिसत होत्या. त्याला वाटलं, या पेशी परक्या वस्तूशी सामना करत असतील तर? त्यानं बागेतल्या झुडपाचा काटा आणून अळीच्या अंगात खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती त्या पेशींनी गराडा घातलेला. आपल्या जांघेत होतं तेच, फक्त इथं ते डोळ्यांना दिसत होतं. या पेशींना पुढं भक्षकपेशी हे नाव मिळालं.

हे सगळ्यांनी लगेच मान्य केलं असं नाही. जर्मनीतल्या मंडळींचं म्हणणं वेगळं होतं. जंतूंना मारते ती रक्तातल्या पाण्यासारख्या भागातली शक्ती, म्हणजे सीरम, पेशींचं काम फक्त मढी उचलण्याचं, असं ते म्हणत. त्यांच्याकडे पुरावाही भक्कम होता. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी एका जनावराचं सीरम दुसऱ्याला देऊन धनुर्वाताच्या विषापासून वाचवता येतं, हे दाखवलं. आमच्या उसाच्या पट्ट्यात याचा पुरावा आजही दर पावसाळ्यात मिळतो. घोणस नाहीतर नाग चावलेला माणूस मंचरच्या किंवा जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात नेला की त्याला जी बाटली लावतात, तिच्यात घोड्याच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं असतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या शरीरानं बनवलेलं हत्यार आपण उसनं घेतो. म्हणजे जर्मनही खोटे नव्हते. पुढं लंडनच्या आल्मरॉथ राइट यांनी १९०३ मध्ये दाखवलं की सीरममधले घटक जंतूला चिकटतात आणि मग भक्षकपेशी त्याला आवडीनं गिळतात. सोप्या भाषेत, सीरम मसाला लावतं आणि पेशी खाते. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि जर्मन बाजूचे पॉल एर्लिश यांना विभागून दिलं गेलं.

या मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे व्लादिमीर हाफकिन, जन्म १८६०. ज्यू असल्यामुळं रशियात त्याला विद्यापीठातली नोकरी मिळणं अवघड होतं. बाप्तिस्मा घेतला असता तर दार उघडलं असतं, त्यानं तो घेतला नाही. शेवटी १८८९ मध्ये तो गुरूच्या मागे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचला आणि काम मिळालं ते सहायक ग्रंथपालाचं. उरलेल्या वेळात त्यानं कॉलऱ्याची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन हिंदुस्थानात आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. प्लेगचा जंतू वाढवण्यासाठी त्यानं रश्श्यावर आपलं साजूक तूप सोडलं. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके खाली लोंबत वाढायचे, छताला पाणी गोठावं तसे. मग ते उष्णतेनं मारायचे, वर कार्बोलिक ॲसिड घालायचं. झाली लस. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीर त्याची ओळख पटवून घेतं आणि खरा जंतू येईल तेव्हा पेशी व प्रतिपिंडं तयारीत असतात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननं ही लसही आधी स्वतःला टोचली, नेहमीच्या मात्रेहून कितीतरी जास्त. ताप आला, दुखलं, पण माणूस ठीक राहिला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. राजीखुशीनं पुढं आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि त्यांच्यात न टोचलेल्यांपेक्षा रोग आणि मरण दोन्ही कमी दिसलं.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. जानेवारी १८९७ मध्ये लस तयार. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा मंजूर, तोच जो २०२० च्या मार्चमध्ये आपल्यावर पुन्हा लागू झाला. आणि त्याच फेब्रुवारीत रँड पुण्यात हजर. सरकारचा सगळा भर कुठं होता? झडती, सामान जाळणं, माणसं उचलून छावणीत नेणं. लसीला या मोहिमेत नाममात्र जागा होती. मुंबईतही लोकांचा सरकारी इस्पितळावर विश्वास नव्हता. तिथं माणसं मारून त्यांची मोमिआई काढतात, अशी अफवा होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं, लोकांनी अडवलं, गोळीबार झाला आणि दंगल शहरभर पसरली. यात मुसलमान होते तसे हिंदूही होते. मदनपुऱ्याचं नाव निघालं की ‘अडाणी मुसलमान’ असं लिहून मोकळे होणारे आर्थर रोडचा हल्ला विसरतात. घरात परका शिपाई शिरतो, बाईमाणसाला हात लावतो, आजाऱ्याला उचलून नेतो आणि बहुधा तो माणूस परत येत नाही. यात कुठल्या धर्माचा माणूस गप्प बसला असता?

आपल्या समाजात आणखी एक वाद होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही आहात तिथं साथ आली तर पळू नका, अशा आशयाची हदीस आहे. काहींनी तिचा अर्थ ‘काहीच करू नका’ असा लावला. खरं तर तिच्यात विलगीकरणाचीच शिकवण आहे. हजरत उमर शामच्या वाटेवरून साथीची बातमी ऐकून माघारी फिरले, तेव्हा हाच वाद झाला होता आणि त्यांनी फिरण्याच्या बाजूनं निर्णय दिला.

याच गदारोळात आगाखान तिसरे, सुलतान मुहम्मद शाह, पुढं आले. वय विशीच्या आतबाहेर. इस्माइली खोजांचे इमाम, पुण्यात नगर रोडवर ज्यांचा महाल आहे ते. त्यांनी शिक्षणात पाश्चात्त्य विज्ञान वाचलेलं होतं आणि पाश्चर संस्थेचं काम त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उपदेश केला नाही. लोकांसमोर स्वतःच्या दंडात लस टोचून घेतली, तीही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग माझगावचं आपलं खुश्रू लॉज हाफकिनच्या प्रयोगशाळेला वापरायला दिलं. हजारो खोजांनी लस घेतली. एकाच जमातीत टोचलेले आणि न टोचलेले शेजारीशेजारी राहत असल्यानं हाफकिनला दोघांतल्या मृत्यूंची तुलनाही करता आली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ साली तिला हाफकिनचं नाव मिळालं. ती आजही तिथंच आहे.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वात कठीण प्रयोग परळला नाही, माझगावलाच झाला. जंतू मारणं हाफकिनला जमलं होतं. लोकांनी बाही वर करावी, हे त्याला एकट्याला जमण्यासारखं नव्हतं, कारण तो कितीही भला असला तरी सरकारी साहेबांच्या बाजूनं येत होता. पुण्यात असा कुणी प्रयोग वेळेत केला असता तर १८९७ चं साल वेगळं गेलं असतं का, हा प्रश्न मला सतावतो. आगाखानांसारखं पाठबळ प्रत्येक गावाला नसतं, हेही खरं. आमच्या माळावरच्या झोपड्यांत कुणी इमाम लस घेऊन आला नाही.

लसीची कीर्ती फार काळ निष्कलंक राहिली नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं मेले. चौकशीत ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला दूर करण्यात आलं. त्या बाटलीचं बूच काढताना तिथल्या मदतनीसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब बरीच उशिरा पुढं आली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिलं तेव्हा त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तो परत आला, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्याला पुन्हा मिळाली नाही. १९३० मध्ये लोझान इथं तो वारला. दरम्यान प्लेगनं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली होती.

रँडवर ज्या रात्री गोळी झाडली गेली, त्या रात्री तो गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधली मेजवानी आटोपून परतत होता. ती इमारत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्याच आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे आणि तिथं भक्षकपेशी जंतूंशी कशा लढतात, जंतू त्यांना कसे चकवतात, यावर संशोधन चालतं. आमच्या जुन्नर-आंबेगावची मुलं विद्यापीठात शिकायला जातात, त्या आवारातून रोज ये-जा करतात. रँडची गोष्ट त्यांना पाठ असते. मेचनिकॉफच्या काट्याची आणि खुश्रू लॉजची विचारली, तर अजून तरी मला एकाकडूनही उत्तर मिळालेलं नाही.